निळा समुद्र आणि कोटाची उजवी बाही

आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, कोट-पँट शिवतात. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. पण गल्लीला त्यांच्या कोटांपेक्षा त्यांच्या मतांची गरज जास्त. शुक्रवारी नवा मोठा सिनेमा लागला की मास्तर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढतात, गळ्यातली टेप गळ्यातच विसरून थिएटर गाठतात, आणि शनिवारी सकाळी दुकान उघडलं की निकाल लागतो. ज्याला आयुष्यात कोट शिवायचा नाही तोसुद्धा दाराशी सायकल टेकवून विचारतो, "काय मास्तर, जाऊ की पैसे वाचवू?"

मास्तर मशीनवरून मान वर न करता सांगतात. सांगतात तेही आपल्याच धंद्याच्या भाषेत. "मध्यंतरापर्यंत फिटिंग झकास, पुढे खांद्यापासून उसवलाय." किंवा, "वरून रेशीम, आतून अस्तरच नाही." फुटलेलं धरण दोन्ही हातांनी अडवणाऱ्या हिरोचा तो सिनेमा आठवतो ना, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या तो? मास्तर म्हणाले, "चार मीटर कापड फाडून रुमाल शिवलाय." आणि हल्ली सिनेमे गोष्ट अर्धवट तोडून बाकीची पुढच्या भागात म्हणतात, त्यावर तर ते भडकतातच. "मी गिऱ्हाइकाला कच्च्या टाक्यांवर कोट देऊ का? आणि सांगू का, एक बाही लावलीय, दुसरी पुढच्या दिवाळीत भेटेल?"

रोजच्या वहीत मी एरवी आपलं घरातलंच लिहिते. आज काय वाचलं, कोण आजारी, देवापुढचं तेल संपलं. पण गेल्या काही महिन्यांत भावजींच्या बाबतीत जे घडलं ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून आज ऐसपैस बसून लिहिते आहे.

भावजींबरोबर सिनेमाला जायचं काम माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते. माझी धाकटी जाऊ लग्न झाल्यापासून त्यांच्यासोबत जायची. मग एकदा तिने हात टेकले. "ताई, थिएटरात तीन तास तो धडधडाट ऐकायचा आणि घरी येऊन तोच सिनेमा पुन्हा ह्यांच्या तोंडून ऐकायचा. माझ्याच्याने नाही होत. तुम्ही जा. तुमचं निदान नामस्मरण तरी होतं."

ते खरंच आहे. पडद्यावर गाड्या हवेत उडायला लागल्या की मी डोळे मिटते आणि पदराखाली माळ धरते. अंधार असतो, थंडगार असतं, कोणी दाराची बेल वाजवत नाही. एवढं निवांत नाम मला घरी देवासमोरही घेता येत नाही. एकदा तर माझी माळ पूर्ण झाली, मी डोळे उघडले, तरी खलनायक आपला मरतोच आहे. भावजी कानाशी म्हणाले, "वहिनी, अजून एक माळ होईल. घाई करू नका."

असे आमचे शुक्रवार मजेत चालले होते. मग गेल्या वर्षभरात भावजींची मतं हळूहळू काळवंडायला लागली. शब्दशः काळवंडायला. कुठलाही सिनेमा बघून आले की एकच तक्रार. "हल्ली लोक दिवे लावून सिनेमे काढत नाहीत. सगळा काळोख. हिरोचं नाक दिसत नाही, तो रडतोय की शिंकतोय ते कसं कळणार?"

आता गंमत बघा. ही तक्रार सगळ्यांना पटली. माझ्या पुतणीची, म्हणजे भावजींच्या मुलीची, मैत्रीण म्हणाली, अगदी बरोबर, हल्ली असंच काढतात. ह्यांनी तर सिनेमा न बघताच ऑफिसात सांगायला सुरुवात केली, "आजकाल प्रकाशयोजनेचा दर्जा घसरलाय." लोकांनी माना डोलावल्या. मास्तर बोलले म्हणजे काहीतरी असणारच.

त्यातच भावजी खुर्च्या बदलायला लागले. पूर्वी त्यांची जागा ठरलेली, अगदी मागची रांग, कडेची खुर्ची. म्हणायचे, कोट लांबून बघावा आणि सिनेमाही. मग मधल्या रांगेत आले. मग पुढे. शेवटी आम्ही पडद्याच्या इतके जवळ बसायला लागलो की हिरोइनच्या डोळ्यातलं पाणी माझ्या मांडीवर पडेल असं वाटायचं. मी मान वर करून करून घरी आले की जाऊ मला तेल चोळायची.

"भावजी, एवढं पुढे का हो?"

"वहिनी, सिनेमा अंगाला लागला पाहिजे."

मीही ऐकून घेतलं. मला पडदा चांगला उजळ दिसत होता, अगदी लख्ख. पण मी मनात म्हटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं? पोथी वाचणाऱ्या बाईने प्रकाशयोजनेवर कशाला बोलावं.

मग आला तो समुद्राच्या तळाचा सिनेमा. बुडालेलं शहर, तिथे हरवलेली मुलगी, आणि तिला शोधायला पाणबुडीतून निघालेला बाप. शहरात जो भेटेल तो त्याच्या निळ्या रंगाबद्दल बोलत होता. गल्लीतल्या औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही नुसतं औषधवाले म्हणतो, ते तर तीनदा जाऊन आले. औषधवाल्यांना आजवर एकही सिनेमा वाईट वाटलेला नाही. मास्तर म्हणतात, हा माणूस खोकल्याच्या बाटलीची जाहिरातसुद्धा टाळ्या वाजवून बघतो. दोघांची दुकानं समोरासमोर, त्यामुळे शनिवारचा वाद रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला मोठ्याने चालतो आणि मधून जाणारी माणसं आपापली बाजू निवडतात.

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदाच माळ खाली ठेवली. काय सांगू! असा निळा मी जन्मात पाहिला नव्हता. पहाटे आंघोळ करून दिवा लावताना खिडकीत आकाश असतं ना, तसा, पण हलणारा, श्वास घेणारा. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी बघितलं तर भावजी कपाळाला आठ्या घालून बसलेले.

शनिवारी सकाळी निकाल लागला. "चहा. चहाच्या पातेल्यात पोहतायत सगळे. तोही कालचा चहा."

समोरून औषधवाले ओरडले, "मास्तर, काय बोलताय! निळ्याशार समुद्राला चहा?"

"कुठला निळा? निळा मला शिकवू नका. निळ्या कापडात आयुष्य गेलंय माझं."

"मग वहिनींना विचारा. वहिनी, तुम्ही होतात ना? निळा होता की नव्हता?"

मी भाजीची पिशवी घेऊन नेमकी मध्ये उभी. इकडे दीर, तिकडे औषधवाले. मी म्हटलं, "मी डोळे मिटून जप करत होते." आणि सटकले. आयुष्यात एकदाच डोळे उघडे ठेवले होते आणि त्याच वेळी नेमकं हे बोलायची पाळी आली. त्या दिवशी देवापुढे बसले तेव्हा निरांजनाकडे बघायची लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात मी ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. औषधवाल्यांनी गोळ्या दिल्या आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, जरा आत या. एक विचारायचंय. फॅशनमधलं मला काही कळत नाही, म्हणून विचारतो."

आत त्यांनी एक कोट काढून दारातल्या उन्हात धरला. भाच्याच्या लग्नासाठी भावजींकडून शिवून घेतलेला. गडद निळा, सुंदर बसवलेला, काजं अशी की मशीनने करून दाखवावीत. आणि उजवी बाही काळी.

मी पुढे होऊन बाही चाचपली.

"फॅशन नाही ना?" औषधवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच. लग्नात सगळे विचारत होते. मी सांगितलं, मास्तरांची नवी कल्पना आहे. दोन जणांनी पत्ता घेतला."

"अहो, मग परत का नाही दिलात?"

औषधवाले माझ्यापेक्षा हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी दिवसभर डोळ्यांचे थेंब विकतो. ट्यूबलाइटखाली काळा आणि निळा चुकू शकतो, मान्य. पण मास्तरांचा चुकत नाही. आणि तो समुद्र चहाचा नव्हता हो. परत देऊन काय सांगू त्यांना? त्यांनी कात्री खाली ठेवली तर मी शनिवारी भांडू कुणाशी?"

घरी येता येता माझ्या डोक्यात भलताच उजेड पडला. त्याच महिन्यात भावजींनी ह्यांनाही कोट शिवला होता. काळा. औषधवाले आणि हे, दोघं एकाच मापाचे, पोटासकट. मी कपाट उघडलं, कोट काढला आणि गॅलरीत नेला. उजवी बाही गडद निळी.

"अहो," मी ह्यांना हाक मारली, "हा कोट तुम्ही दोनदा घातलात ना?"

"हो."

"बाही बघितली नाहीत?"

ह्यांनी नीट बघितली. मग म्हणाले, "मला वाटलं सावली पडलीय."

दोन्ही वेळा सावली फक्त उजव्या हातावर पडली होती, आणि ह्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जाऊला बोलावून घेतलं. तिने बाही दोनदा उन्हात फिरवून बघितली. मग एकेक बाहेर पडायला लागलं. सकाळी दुकानात जायच्या आधी भावजी तिच्याकडून सुयांत दोरे ओवून घ्यायचे. म्हणायचे, वेळ वाचतो. दोऱ्याच्या कंपन्या हल्ली दोरा जाड काढतात म्हणायचे. संध्याकाळी रस्त्यावरून येताना तिचा हात धरायचे. "आणि मी वेडी," ती म्हणाली, "मला वाटलं, या वयात माणूस जरा प्रेमळ झालाय."

त्या संध्याकाळी आम्ही विषय काढला. कोटाचं काही बोलायचं नाही असं आधी ठरवलं होतं. जाऊने नुसतं म्हटलं, "अहो, एकदा डोळे दाखवून घ्या."

"कशाला?"

"असंच. मोतीबिंदू असतो या वयात."

"माझे डोळे ठणठणीत आहेत. सिनेमे बिघडलेत."

ह्यांनी समजावलं, पुतणीने फोनवरून समजावलं. भावजी ऐकेनात. शेवटी आवाज चढला आणि मग एकदम बसला. म्हणाले, "तुम्हाला कळत नाही. डोळा वाईट निघाला म्हणजे वर्षभराची सगळी मतं वाईट निघाली. लोकांना मी सांगितलं, जाऊ नका. लोक गेले नाहीत. उद्या समोरचा ओरडेल, बघा, मास्तरांना दिसतच नव्हतं. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्याकडे खांद्याचं माप कोण देईल? दुकान म्हणजे काय, मशीन का? दुकान म्हणजे माझा डोळा."

भीती ऑपरेशनची नव्हती, निकालाची होती, हे तेव्हा कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल लावणाऱ्या माणसाला स्वतःचा निकाल लागायला नको होता.

मी काही वाद घालणारी बाई नाही. पण निरांजनापुढे बसताना वाटलेली ती लाज गेली नव्हती. मी म्हटलं, "भावजी, पुढच्या शुक्रवारी मी येणार नाही."

"का?"

"त्या दिवशी मी डोळे मिटून जप करत नव्हते. उघडे होते. समुद्र निळा होता. मी हात जोडले होते. तुमच्या शेजारी बसून मला चहा म्हणता येणार नाही, आणि तुमच्यासमोर निळा म्हणायचा धीर होत नाही. मग घरी बसून पोथी वाचलेली बरी."

भावजी माझ्याकडे बघत राहिले. किती दिसत होतं देव जाणे. मग त्यांनी विचारलं, "कसा निळा?"

"पहाटेचा."

"म्हणजे आसमानी? मोरपंखी? कोटाचा निळा?"

"मला नावं येत नाहीत, भावजी. तुम्हीच बघून सांगा."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी जाऊचा फोन आला, "ताई, तयार होताय ना? डॉक्टरांकडे तुम्हीसुद्धा चला म्हणतायत."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. त्यांनी विचारलं, "हे धूसर कधीपासून दिसतंय?"

"चित्रपटांचा दर्जा घसरल्यापासून," भावजी म्हणाले.

बाईंनी लिहायचं थांबवून वर बघितलं. मी म्हटलं, "एक वर्ष झालं असेल."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्यात जास्त पिकलेला, तो आधी काढायचा, उजवा नंतर. बाईंनी समजावलं की आतलं भिंग पिवळट होतं, म्हणून निळा रंग मरतो आणि काळ्यात मिसळतो. जाऊने आणि मी एकमेकींकडे बघितलंच नाही. भावजींनी मात्र भलतीच चौकशी सुरू केली. नवीन भिंगातून पडदा लहान तर दिसणार नाही? कडा वाकड्या दिसल्या तर? भिंगाला अस्तर असतं का? बाई म्हणाल्या, "आजोबा, चाळीस वर्षांच्या माणसासारखं बघाल." भावजींना ऑपरेशनपेक्षा ते 'आजोबा' जास्त लागलं.

ऑपरेशन झालं. थेंब आणायला भावजींनी मला तीन गल्ल्या पलीकडच्या दुकानात पाठवलं. तिथे ते थेंब नव्हते. परत आले, औषधवाल्यांकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही, बाटली दिली, दिवसातून कितीदा घालायचे ते तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं आणि म्हणाले, "तो सिनेमा अजून चालू आहे म्हणावं. मी कुणाला काही बोललेलो नाही."

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो. भावजी तिकीट खिडकीवर म्हणाले, "मागची रांग, कडेची खुर्ची." माझ्या मानेने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

दिवे गेले. पाणबुडी खाली उतरली. आणि पडदा निळा झाला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, भावजींकडे बघत होते. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. मग डावा झाकला. मग उजवा. मग डावा. मागून पाहणाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलंय.

"वहिनी," ते कुजबुजले, "या डोळ्याने समुद्र. या डोळ्याने चहा."

मग पुढे बराच वेळ त्यांनी एकच डोळा झाकून ठेवला होता. पाणी कुठल्या डोळ्यातून येत होतं ते अंधारात कळलं नाही. थेंब घातले होते दुपारी, त्याचंही असेल.

मध्यंतर झालं. आम्ही बाहेर मोठ्या दिव्यांखाली आलो आणि समोर मक्याच्या लाह्यांचा पुडा घेऊन औषधवाले उभे. चौथ्यांदा आलेले. थिएटरात थंडी वाजते म्हणून कोट घालून.

मी भावजींना दुसरीकडे वळवायला बघितलं, पण तोवर उशीर झाला होता. भावजी तरातरा गेले आणि त्यांनी औषधवाल्यांचा उजवा हात धरून दिव्याखाली वर केला. लाह्या सांडल्या.

"हा कोट कुणी शिवला?"

औषधवाले लाह्यांचा पुडा सावरायला लागले.

"कुणी शिवला म्हणतो मी? असला आंधळा कारागीर कोण?"

"मास्तर," औषधवाले म्हणाले, "काजं बघा ना. काजं किती सुंदर आहेत."

भावजींनी काजं बघितली. स्वतःचं काम माणसाला ओळखू येतंच. त्यांचा हात हळूहळू खाली आला. गळ्यातली टेप होतीच, तिचं टोक धरून ते उभे राहिले.

"लग्नात घातलात हा?"

"घातला. फोटोत सगळ्यांत मी उठून दिसतो."

"आणि लोकांनी विचारल्यावर?"

"तुमची फॅशन म्हणून सांगितलं. दोघं जण येणार आहेत तुमच्याकडे, तसाच शिवून घ्यायला."

भावजी म्हणाले, "काढा."

"इथे? आत थंडी आहे हो."

"काढा म्हणतो ना! वहिनी, दुसरी बाही कुठे आहे? काळ्या कोटाला लागली असणार. काळा कोट कुणाचा होता?"

"ह्यांचा," मी म्हटलं. "कपाटात आहे. ह्यांना वाटलं, सावली पडलीय."

"दादाला बाही दिसली नाही? आणि डोळे माझे तपासता?"

घंटा वाजली. लोक आत जायला लागले. सिनेमा कितीही उसवलेला असो, भावजींनी आजवर तो कधी अर्धवट सोडलेला नव्हता. शेवट बघितल्याशिवाय मत देणं म्हणजे ट्रायलशिवाय कोट देणं, असं त्यांचं म्हणणं. आणि हा तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत निळा सिनेमा. त्यांनी दाराकडे बघितलं. मग हातातल्या कोटाकडे. मग कोट खांद्यावर टाकला आणि बाहेरच्या उन्हात चालायला लागले. कोणाचा हात न धरता. मागे मी, आणि माझ्यामागे नुसत्या शर्टावर औषधवाले.

मी घरून ह्यांचा काळा कोट आणला आणि दुकानात दोन्ही कोट टेबलावर आले. भावजींनी डावा डोळा पुढे काढून, मान तिरकी करून टाके उसवायला सुरुवात केली. सुई स्वतः ओवली, एका झटक्यात. जाऊ दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

थोड्या वेळाने भावजी मान वर न करता म्हणाले, "समुद्र निळा आहे."

औषधवाले स्टुलावर बसले होते. मी वाट बघत होते, आता हे ओरडणार, वर्षभराचं उट्टं काढणार. ते एवढंच म्हणाले, "हो ना?"

"मी चुकलो होतो. उद्या दारात उभा राहून सगळ्यांना सांगेन. बाकीचे सिनेमेही परत बघावे लागतील, ज्यांना काळोख म्हटलं ते."

"मी येतो बरोबर," औषधवाले म्हणाले.

"तुम्ही नको. तुम्हाला सगळंच आवडतं." भावजींनी बाही कोटाला टाचली, लांब धरून बघितली. मग जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं. ज्या माणसाने शेवट फोडणाऱ्याला दुकानाची पायरी चढू दिली नाही, तो म्हणाला, "बरं, मध्यंतरानंतर काय होतं? मुलगी सापडते?"

औषधवाले खुशीत सरसावून बसले आणि सांगायला लागले. पाणबुडी बिघडते, बाप पोहत जातो, मग एक मोठा मासा, नाही, मासा नंतर, आधी ते बुडालेलं देऊळ, थांबा, देवळाच्या आधी... भावजी टाके घालत ऐकत होते. कपाळावर हळूहळू जुन्या आठ्या जमायला लागल्या.

"म्हणजे मासा येतो आणि बापाला पाठीवर घेतो?"

"हो! काय सुंदर आहे ते!"

भावजींनी दोरा दातांनी तोडला. "उसवलाय," ते म्हणाले. "रंग पक्का आहे, पण खांद्यापासून उसवलाय."

"न बघता?"

"बघेन ना. उजवा डोळा झाला की बघेन. वहिनी, दोन तिकिटं."

"तीन काढा," औषधवाले कोट घालत म्हणाले. त्यांनी उजवा हात दारातल्या उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग जरा हिरमुसून म्हणाले, "आता त्या दोघांना काय सांगू हो?"